रान देऊन घेतलेली फटफटी

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावलेलं आता कुणाला पटत नाही. विषय निघाला की सून म्हणते, गेलेल्या माणसाचं काय काढायचं. मग मी कामाला लागते. पण काल कुसगावच्या रस्त्यावर एक माणूस जुनी फटफटी घासूनपुसून उभी करून मुंबईच्या गिऱ्हाइकाला सांगत होता, की गाडी अस्सल विलायती आहे, असा माल आता बघायला मिळत नाही. भाजीची पिशवी हातात घेऊन मी त्याचं सगळं ऐकून होईपर्यंत उभी राहिले. त्याची हात हलवायची तऱ्हासुद्धा तुमचीच होती. गिऱ्हाईक मान हलवत होतं. मला वाटलं, पुढं व्हावं आणि त्या माणसाच्या तोंडावर सांगावं, की ही गाडी कुठं बनली ते तुला ठाऊक नाही, आणि ठाऊक असलं तरी तू सांगणार नाहीस. तशीच वळून घरी आले, भाजी निवडली आणि हे लिहायला बसले. तुम्हाला मोकळेपणानं काही सांगायची सवय मला कधीच नव्हती, म्हणून वाकडंतिकडं होईल. गोड मात्र होणार नाही.

धरणाचं काम सुरू झालं तेव्हा आपली भाताची खाचरं आणि वरचा नाचणीचा तुकडा, सगळंच बुडितात जाणार हे कळून चुकलं होतं. गावातल्या बायका रोज रडायच्या. आई रडली नाही. तिनं मामाला निरोप धाडला, आणि मामानं शिरगावच्या शिवेला एक तुकडा बघून ठेवला. लहानच होता, पण विहिरीत वाटा होता आणि जमीन काळी होती. सरकारी मोबदला आला तो आपला जेमतेम त्या तुकड्यापुरता. आई एकदाच जाऊन ते रान बघून आली आणि त्यानंतर माझ्याशी दुसरं काही बोलेनाच. विहिरीच्या अंगाला वांगी लावायची, बांधाला तूर, म्हशीचा गोठा रस्त्याकडून नको, मागून हवा. भाकरी थापता थापता तिचं चालायचं. पीठ परातीत पसरून त्यावर बोटानं रेघ मारून बांध कुठून जातो तेसुद्धा तिनं मला दाखवलं होतं.

त्या रानाचा इसार द्यायच्या दिवशी तुम्ही पैसे घेऊन सकाळी निघालात. आईनं धोतर धुऊन ठेवलं होतं, फडक्यात भाकरी बांधून दिली होती. मामा शिरगावात दिवसभर वाट बघत बसला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. तुम्ही एसटीनं सरळ पुण्याला गेलात, जुन्या बाजारात. तिथल्या कुठल्याशा दलालानं तुम्हाला आधीच हेरलं होतं. त्या वर्षी आपल्या खोऱ्यातल्या माणसांच्या हातात पैसा आहे हे पुण्यातल्या सगळ्या दलालांना कळलं होतं, आणि वापरून टाकलेल्या, कुणालाही नको असलेल्या गाड्या ते आपल्याच लोकांसाठी राखून ठेवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीकडून आवाज आला. आधी आवाज, मग धूळ, मग तुम्ही. मला अजून दिसतंय, आई अंगण सारवते आहे, हात शेणानं भरलेले, ती उठून उभी राहते आणि विचारते, "इसार दिला?"

तुम्ही गाडीवरून उतरलात, टाकीवर हात फिरवलात आणि म्हणालात, "आधी गाडी तर बघ. विलायतंत बनल्याली हाय."

आईनं बघितली. मग ती खाली बसली आणि उरलेलं अंगण सारवून पुरं केलं. तुम्ही तिच्या भोवती फिरत सांगत राहिलात. ही पलटणीतल्या साहेबाची गाडी आहे, कवडीमोलानं मिळाली, रान काय पुढच्या वर्षीही घेता येईल, उरलेले पैसे आहेतच. ते रान पुढच्या महिन्यात दुसऱ्यानं घेतलं. उरलेल्या पैशात पुन्हा कुठं रान बसलं नाही. मग ते पैसे प्लग, चेन, टायर आणि लोणावळ्याच्या हॉटेलातला चहा यांत हळूहळू गेले. तुम्ही आईला त्या गाडीवर बसवायची फार हौस धरलीत. जत्रेला चल, माहेराला चल. ती प्रत्येक वेळी पायी निघायची. एकदा तुम्ही गावासमोर फारच आग्रह केलात तेव्हा ती एवढंच बोलली, "म्या न्हाई बसायची. माझं रान हाय ते." लोक हसले, त्यांना वाटलं बाई गंमत करते. तुम्हीही हसलात. ती गंमत नव्हती हे तुम्हाला कळलं होतं, कारण त्यानंतर तुम्ही तिला कधी बोलावलं नाहीत.

आता माझं सांगते. धरणाच्या वसाहतीत शाळा निघाली होती, तिथल्या कामगारांच्या आणि साहेबांच्या मुलांसाठी, आणि आपल्या गावातून तिथं जाणारी मी एकटीच मुलगी होते. मी आठवीत होते. इंग्रजी मला आवडायचं. खरं तर दुसरं काही आवडायचंच नाही. दिसेल ते वाचायचे, सिमेंटच्या गोण्यांवरचं, ट्रकच्या पाठीवरचं, रॉकेलच्या डब्यावरचं. तुम्हाला त्याचा अभिमान होता हे मी नाकारत नाही. म्हणून तर त्या दिवशी तुम्ही मला देवळापुढं बोलावून घेतलंत. उन्हं उतरली होती, कामावरून आलेली माणसं पारावर बसली होती. तुम्ही त्यांना सांगत होतात की दलाल आपला माणूस आहे, ज्याला पाहिजे त्याला अशीच विलायती गाडी स्वस्तात मिळवून देतो. दोघं-तिघं तयारही झाले होते. कुणीतरी म्हणालं, विलायती आहे हे कशावरून? तुम्ही मला पुढं ओढलंत. हँडलच्या खाली, नळीवर, रंगानं बुजलेली पितळेची एक पट्टी होती. तुम्ही ती रॉकेलच्या चिंधीनं घासलीत आणि म्हणालात, "वाच, पोरी. मोठ्यानं वाच. समद्यांना ऐकू गेलं पायजे."

मी वाकून वाचलं. मोठ्यानं वाचलं. मेड इन मद्रास.

पारावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "मद्रास विलायतंत हाय का?" मला भूगोलही येत होता. मी सांगितलं, न्हाई, मद्रास आपल्याच देशात हाय, खाली दक्षिणेला. पारावरची सगळी माणसं हसायला लागली. एकानं विचारलं, मग साहेबाची पलटण मद्रासची होती का? तुम्हीसुद्धा हसलात. मला वाटलं, झालं, संपलं. मी तर बरोबर वाचलं म्हणून खूश होते. घरी येईपर्यंत तुम्ही गाडी ढकलत आणलीत, सुरू केली नाहीत. घरात आल्यावर माझं दप्तर खुंटीवरून काढलंत आणि माळ्यावर फेकलंत. मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं, मार विसरता येतो. तुम्ही म्हणालात, "उद्यापास्नं साळा बंद. बापाला चारचौघांत खोटं पाडाया शिकिवत्यात व्हय तितं?"

त्यानंतर तुम्ही कानस घेतलीत आणि त्या पट्टीवरची अक्षरं घासून काढलीत. मी दारात बसून बघत होते. घासताना तुमचं तोंड गुरांच्या जखमेतली अळी काढताना होतं तसं झालं होतं. आबा, मद्रासला बनली म्हणून काय बिघडलं होतं? ती गाडी चांगली होती. विलायतेतून लढाईच्या वेळी आलेल्या खिळखिळ्या गाड्यांपेक्षा ती वयानं किती लहान होती. तुम्ही खरं सांगितलं असतंत तरी गावात फटफटी असलेले तुम्ही एकटेच होतात. तुम्हाला ते पुरलं नाही. आणि गंमत बघा, पुढं ती विकायची वेळ आली तेव्हा लोणावळ्याच्या गिऱ्हाइकानं ती घासलेली पट्टी बघितली आणि विचारलं, चोरीची आहे का? मग ती मातीच्या मोलानं गेली. त्या पैशात तुम्ही दुसरी घेतलीत, ती मात्र खरोखर विलायतेची होती, आणि ती चढावर कधीच स्वतः चढली नाही. मी दिवसभर धरणावर मातीच्या पाट्या वाहून आले की खिंडीत तुमची गाडी ढकलायला यायचे. तुम्ही वर बसून हँडल धरायचात. त्यानंतर तिसरी आली, आणि तिच्याबद्दल तर बोलायलाच नको.

होय, धरणावर. शाळा सुटली ती आईबरोबर मी पाट्या उचलायला लागले. ज्या भिंतीमागं आपली खाचरं बुडणार त्या भिंतीची माती आम्ही दोघींनी वाहिली. वसाहतीच्या शाळेची घंटा तिथं ऐकू यायची. आधी आधी मी घंटेला थांबायचे. मुकादम ओरडायचा. मग थांबायचं सोडून दिलं. तुम्ही या काळात काय करत होतात ते मला नीट आठवतं. शर्टाला इस्त्री, डोळ्यांवर काळा चष्मा, लोणावळ्याला जाऊन बंगल्यांच्या जागा दाखवायच्या असल्या कामाच्या नुसत्या बाता. मला बघायला कुसगावहून पाहुणे आले तेव्हा त्यांना सोडायला तुम्ही एकेकाला मागं बसवून गाडीवरून नेलंत, आणि येताना-जाताना विलायतेचंच सांगितलंत. मी आत पोह्यांना फोडणी देत होते. सासऱ्यांनी पुढं किती वर्षं मला चिडवलं, फटफटीवाल्याची लेक म्हणून.

शेवटी तुम्ही माझ्याच घरी आलात. आई गेली होती, तुमचा दमा वाढला होता, दुसरं कोण होतं? मी तुमचं सगळं केलं, लोक म्हणतात तशी मुलीसारखी मुलगी. खाट रस्त्याकडच्या खिडकीशी होती. रस्त्यानं गाडी गेली की तुम्ही डोळे मिटून सांगायचात, ही म्हैसूरची, ही फरिदाबादची. नुसत्या आवाजावरून. माझा मुलगा धावत जाऊन बघून यायचा आणि ते खरं निघायचं. एके दुपारी एक गाडी घाटाकडं गेली, धिमी, दमदार. तुम्ही हसलात आणि मला म्हणालात, "मद्रासची. ह्या गाडीसारखी गाडी न्हाई बघ. म्या लय उगाच विकली."

तुम्ही ते इतकं सहज म्हणालात. जणू तो पार, ती पट्टी, ते दप्तर, काही झालंच नव्हतं. मी तुमच्याकडं बघत होते, की आता तरी काही आठवेल. तुम्ही पाणी मागितलंत. मी दिलं. त्या दिवसापासून तुम्ही जाईपर्यंत मी तुमच्याशी औषधाच्या वेळेशिवाय बोलले नाही, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही. हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. माझी शाळा बंद झाल्यावर आठवडाभरानं आमचे इंग्रजीचे गुरुजी घरी आले होते. तुम्ही गाडी घेऊन लोणावळ्याला गेला होतात. गुरुजी उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, मुलगी हुशार आहे, फी माफ करून घेतो, वह्या-पुस्तकं मी बघतो, फक्त पाठवा. मी आईच्या मागं उभी होते. मला खात्री होती की ती माळ्यावरून दप्तर काढणार. आई म्हणाली, "तिच्या बाला इचारू नका. म्याच न्हाई म्हनते. माझ्या हाताखाली कुनीतरी पायजे." गुरुजी आले तसे परत गेले. आई वळली आणि माझ्याकडं न बघता चुलीकडं गेली. तिनं तुम्हाला ते कधीच सांगितलं नाही, मीही नाही.

मी तुम्हाला ओळखते. तुम्ही त्या दिवशी घरी असता, तर शहरी कपड्यांतला शिकलेला माणूस दारात आलाय हे बघून तुम्ही त्याला बाजेवर बसवलं असतंत, चहा करायला सांगितलं असतंत, गाडी दाखवली असतीत, आणि त्याच्यासमोर मोठेपणा मिरवायला म्हणून का होईना, हो म्हणाला असतात. हे मी किती तरी वेळा मनात उलटंसुलटं करून बघितलंय. दर वेळी तुम्ही हो म्हणता.

राग तुमच्यावर काढायला सोपा जातो. शिव्या घालायला तुमची एक गाडी होती, एक दलाल होता, काळा चष्मा होता. आईचं काय होतं? फाटके हात होते आणि गेलेलं रान. तिला मी काही विचारू शकले नाही, आणि ती गेल्यावर तिच्यावर चिडायचं धाडस झालं नाही. आज बसले तेव्हा कागदावर आधी मी "आई" असंच लिहिलं होतं. ते खोडलं आणि तुम्हाला लिहिलं.