दोन मिनिटं, एक्केचाळीस सेकंद आणि माझा अंगठा

मी, खाली सही करणार ती, वय वर्षे एकोणऐंशी पूर्ण, शिक्षण चौथी, शर्यतीच्या गाडीवाल्याची बायको आणि तीन वर्षांपासून त्याच्या मागे राहिलेली, हा कागद स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने, दुपारची झोप नीट झाल्यावर लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी खात्री करायला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्या गॅसवर दूध ठेवून आल्या आहेत हेही सांगितलं. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणायला आलं असतं तर चहा पिऊन परत गेलं असतं. याआधी मी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही.

खरं तर घरादारासाठी दोन ओळी पुरल्या असत्या. माझं घोडं अडलंय ते पुढच्या खोलीतल्या पितळी पाटीपाशी. तिच्यावर कोरलंय, या ट्रॅकवरची सर्वांत वेगवान फेरी, दोन मिनिटं एक्केचाळीस पूर्णांक दोन सेकंद, आणि खाली माझ्या नवऱ्याचं नाव. ही पाटी कोणाला द्यायची ते ठरत नव्हतं, कारण तो आकडा चुकीचा आहे. सत्तावन्न वर्षं हे एकट्या मला माहीत होतं. ते सांगतेच, आधी किरकोळ उरकते.

कलम एक. घर मुलाला आणि सुनेला, दोघांच्या नावावर, सुनेचं नाव आधी. छपराची गळती तिने शोधली. मुलगा खाली बादली ठेवून मोकळा झाला होता.

कलम दोन. बँकेत असेल ते आणि माझं शिवणयंत्र नातीला. यंत्राला डावीकडून तेल घालायचं. उजवीकडून घातलं तर ते कापडावर ओकतं.

कलम तीन. नवऱ्याचे पाने, पकडी, जॅक, सगळी पेटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला. त्यात तेरा नंबरचा पाना नाही. तो माझ्या दिरांनी नेला आणि आणून दिला नाही. दीर आता नाहीत, पाना त्यांच्या मुलाकडे असावा. तो परत आला तर पान्यापुरतं मी दिरांना माफ केलं असं समजावं. लग्नात ते चारचौघांत म्हणाले होते, "चौथी शिकलेली बाई घड्याळ काय बघणार?" त्याची माफी वेगळी, ती अजून विचाराधीन आहे. नवऱ्याचं हेल्मेट कोणी शोधू नये. ते मुलाने भंगारात घातलं. म्हणतो, "आई, त्यात झुरळं झाली होती." झुरळं काढता येतात.

कलम चार. पाटी.

ट्रॅक आता राहिला नाही, त्या जागी भाजीबाजार आहे. मी बावीस वर्षांची असताना तिथे पत्र्याच्या खोलीत वेळ मोजायला होते. माझे आकडे सुवाच्य येत, म्हणून ठेवली होती. गाडीने पांढरी रेघ ओलांडली की स्टॉपवॉच दाबायचं, फेरी मारून परत रेघेवर आली की पुन्हा दाबायचं, आणि फळ्यावर लिहायचं. हे एवढं काम.

माझी नात संगणकावर शर्यतीचा गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. गेम म्हटलेलं तिला चालत नाही. "आजी, सिम्युलेशन म्हण." म्हटलं, फरक काय? "यात खेळता येतं, पण थापा मारता येत नाहीत." दोन वर्षं ती आणि तिची माणसं तो आमचा मोडलेला ट्रॅक परत उभा करत होती. जुने फोटो, जमीनमोजणीचे नकाशे, कोणाच्या तरी माळ्यावरचं इंजिन चालू करून घेतलेला आवाज. बाजाराच्या मागे ट्रॅकचा दहा पावलं तुकडा शिल्लक आहे. तिथे कांद्याच्या सालींत गुडघ्यावर बसून हिने डांबरातली खडी मोजली. मी विचारलं, खडी कशाला? तर म्हणे, टायर तिच्यावरच धरतो ना.

गेल्या महिन्यात तिने मला तिच्या ऑफिसात नेऊन खुर्चीत बसवलं. समोर तीन पडदे. ते लागले. माझी पत्र्याची खोली, तिचा उडालेला तिसरा पत्रा, काठीने उघडी धरलेली खिडकी. मोरीच्या अलीकडचा खळगा, जिथे पाणी साचायचं. आणि रेघेच्या पुढे तेलाचं पिंप, त्याच्या पोटाला पोचा. तो पोचा मी पाडला होता, सायकल शिकताना. माझ्या आईलासुद्धा ठाऊक नव्हता. एका फोटोत दिसला म्हणून या पोरींनी तो मोजून मापून घातला होता. मी पडद्याला हात लावायला गेले. नात म्हणाली, "लाव, सगळे लावतात." इतकी वर्षं गेलेली जागा उन्हासकट परत आली होती, उन्हाची बाजूसुद्धा बरोबर. खोलीत मात्र माझ्या जागी टोपीवाला पुरुष बसवला होता. तेवढं मी सांगितलं, तिने लिहून घेतलं.

मग म्हणाली, "सगळं जुळलंय आजी, फक्त आजोबा जुळत नाहीत."

तिच्याकडचा सगळ्यात पट्टीचा खेळाडू त्याच गाडीने शेकड्यांनी फेऱ्या मारून दमला होता. दोन मिनिटं बेचाळीस पूर्णांक पाच सेकंदांच्या खाली काही केल्या येईना. चार महिने ही पोर स्वतःची चूक शोधत होती. शेवटी तिचे साहेब म्हणाले, तिसऱ्या वळणावरचं झाड चार हात मागे घ्या, वळण मोकळं होईल, वेळ जुळेल.

"झाड तिथेच होतं," मी म्हटलं.

"फोटोतही तिथेच आहे. पण आकडा पितळेत कोरलाय, झाडाला कोण विचारतं?"

रडवेली झाली होती. माझ्या एका चुकीपायी तिचा खरा रस्ता खोटा होणार होता. मी तिला तिथेच सांगून टाकलं.

त्या फेरीच्या दिवशी ट्रॅकवरच्या मोठ्या साहेबांचं घड्याळ सकाळीच बंद पडलेलं, माझं एकटीचं चालू. गाडी आली ती गाडीवाल्याच्या हेल्मेटचा पट्टा सुटून फडफडत. याने एका हाताने स्टिअरिंग धरलं, दुसऱ्या हाताने पट्टा तोंडात कोंबला आणि दातांनी धरला. मला हसू फुटलं. फेरी सुरू व्हायची रेघ गेली, आणि गाडी पिंपापाशी पोचली तेव्हा माझा अंगठा दबला, तेवढी वेळ कमी भरली. पुढे तोच माणूस वेळ कोणी घेतली म्हणून विचारत खिडकीशी आला. म्हणजे माझा संसारही त्या उशिरातूनच निघाला. मी तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी ट्रॅक बंद झाला आणि आकडा कायमचा राहिला.

नातीने रेघेपासून पिंपापर्यंत गाडी सोडली. पडद्यावर आलं, एक पूर्णांक चार सेकंद. पाटीवरच्या आकड्यात ते मिळवले, दोन बेचाळीस सहा. त्या खेळाडूचे दोन बेचाळीस पाच. मधला एक दशांश कोणाचा ते देव जाणे. माझ्या अंगठ्याचा उशीर त्या यंत्राला मी बोलायच्या आधीच सापडला होता, फक्त तो कोणाचा ते त्याला ठाऊक नव्हतं. झाड आता जागेवर राहिलं आहे.

मुलगा म्हणाला, "बाबा गेले, आता कशाला उकरायचं?" याच्यासाठी की लांब्या भाऊजी अजून आहेत. नवऱ्याचे जिवाभावाचे दोस्त, गाडीत बसले की गुडघे कानाला लागत. त्यांची गाडी वेगळी, वेळ दोन बेचाळीस एक. सत्तावन्न वर्षं ते दुसरे राहिले, आणि पहिले तेच होते. माझे हे एकदा जेवताना म्हणाले होते, "त्या फेरीत मागचं चाक घसरलं होतं गं, तरी एवढी कमी वेळ कशी लागली?" मी म्हटलं, अहो, भात निवतोय. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडात पट्टा धरून दोन बेचाळीस सहा, हेही काही कमी नव्हतं.

तरी पाटी लांब्या भाऊजींना द्यावी.

हे लिहून झाल्यावर मी भाऊजींना आणि वकीलबाईंना साक्षीला वर बोलावलं आणि कलम चार मोठ्याने वाचलं. पुढचंही इथेच लिहिते. असं लिहीत नाहीत म्हणतात, पण कागद माझा आहे.

भाऊजींनी कागद माझ्या हातातून घेऊन कलम स्वतः वाचलं. मग म्हणाले, "माझ्या फेरीला घड्याळ कोणाकडे होतं?"

"माझ्याकडेच."

"आणि अंगठा?"

"वेळेवर. तुमच्याकडे मी बघत नव्हते भाऊजी, गाडीकडे बघत होते."

"दिसायला बरा नव्हतो," ते म्हणाले, "ते एकदा तरी कामी आलं."

वकीलबाईंना ठसका लागला. त्यांचं पाणी पिऊन झाल्यावर भाऊजींनी हळू विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"नाही."

"मग झालं," म्हणाले आणि डोळे पुसले.

तेव्हा वकीलबाईंनी सांगितलं, ज्याला कागदातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मी म्हटलं, भाऊजी, पाटी घ्या, साक्षीला मी दुसरं कोणी बघते. ते उठून पाटीसमोर जाऊन उभे राहिले. "नको. घरी लावली तर रोज त्याचंच नाव वाचावं लागेल. मी सही करतो."

म्हणून कलम चार बदलते. पाटी नातीला. जुना आकडा घासायचा नाही, चूकही जशी झाली तशी राहू दे. खाली दुसरी पट्टी लावावी, तिच्यावर भाऊजींचं नाव आणि दोन बेचाळीस एक. गेममध्येही तसंच येईल, नातीने शब्द दिला आहे.

भाऊजींची एकच अट होती, साक्षीदारांत त्यांचं नाव वर हवं. वकीलबाई म्हणाल्या, "क्रमाने काही फरक पडत नाही हो."

"तुम्हाला नसेल पडत," भाऊजी म्हणाले, आणि पेन घेतलं.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
तारीख: सतरा, महिना तिसरा, रविवार, दुपारचे सव्वाचार

लिहून देणार: मी स्वतः (सही, डाव्या हाताने कागद दाबून धरून)

साक्षीदार पहिला: लांब्या, गाडीवाला, सर्वांत वेगवान फेरी २ मि. ४२.१ से.

साक्षीदार दुसरी: वकील, खालचा मजला