हॅलोजनखालच्या पट्ट्या

२ जुलै
डॉक्टर म्हणाले, शुगर तीनशे दहा. अशीच राहिली तर नजर जाईल. त्यांना काय माहीत! पेणमध्ये गणपतीचे डोळे आखावेत तर धनेशनेच. रोह्याच्या मंडळाची मोठी मूर्ती यंदाही माझ्याकडे. त्यामुळे नजर जाऊन चालणारच नाही. महिन्यात शुगर नॉर्मल करतो. चहा बिनसाखरेचा. उद्यापासून.

४ जुलै
अर्शदभाईच्या मेडिकलमधून शुगर मोजायचं मशीन आणलं. म्हणाला, पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, रक्तातली साखर तेच ओळखतं. डबी घट्ट बंद ठेव, दमट हवा लागू देऊ नको.
दमट हवेचं मला शिकवतो! आमचा जन्म पावसाळ्यात मूर्ती सुकवण्यात गेला. सगळ्या पट्ट्या काढून हैबतरावशेठच्या कारखान्यात गणपतींबरोबर हॅलोजनखाली मांडल्या. मस्त कडक झाल्या.

१२ जुलै
१८०. कारल्याचा रस एकदाच घेतला, तोही अर्धा. माझी बॉडीच स्ट्राँग.

२५ जुलै, सकाळी
९६! गोळ्या बंद. अनिता म्हणते, बरे झालात तर रात्रभर पाणी का पिताय? बायकोला नवऱ्याचं सुख बघवत नाही. जिलबी आणली.

६ ऑगस्ट
डोळ्यांची आखणी सुरू. रेघ फिसकटते. हल्ली ब्रश भिकार येतात. हैबतरावशेठ मागे येऊन उभे राहतात. मला घाम फुटतो. मशीन लावलं, ८१. म्हणजे शुगरचा संबंधच नाही.

१७ ऑगस्ट
आज अनिताने मशीन ओढून स्वतःचंच बोट टोचलं. एकतीस! मी हादरलो, गूळ घेऊन धावलो. ती म्हणाली, एकतीसवाली अशी उभी राहून भांडते काय ओ? मला काय झालेलं नाय, तुमच्या पट्ट्या मेल्यात.
अर्शदभाईला फोन केला. तापवलं की एन्झाइम मरतं म्हणे, मग साखर कितीही असो, आकडा कमीच. त्याने आणखी काही विचारायच्या आत मी फोन ठेवला.
अनिता म्हणते, आत्ताच डॉक्टरकडे चला. उद्या रोह्याची मूर्ती आहे, नंतर बघू. भीती वाटते. पण एवढ्या वर्षांची सवय आहे, हात चुकणार नाही.

१८ ऑगस्ट
आखले. श्वास रोखून.
शेठनी बराच वेळ पाहिलं, मग सुनेला, प्रणिताला, हाक मारली. ती फडकं आणि स्वतःचा ब्रश घेऊन आली. हळूच म्हणाली, धनेशदादा, डावा डोळा खाली आलाय.
तिने पुसायच्या आधी मी अगदी जवळ जाऊन पाहिलं. मला दोन्ही सरळच दिसत होते.