आईच्या नाण्यांचा भाव

दादा,

चिठ्ठी मुद्दाम तुझ्या बुटात ठेवतेय. टेबलावरचं सगळं बाबा वाचतात.

आईने मागे ठेवलेली चांदीची नाणी काल सराफाला दाखवली. म्हटलं, वितळवून तुझ्या मुलीला एखादी साखळी होईल. त्याने चष्मा वर करून विचारलं, "कुठे होती हो ही इतकी वर्षं?"

"शिवणाच्या डब्यात, बटणांबरोबर."

"वितळवू नका. अशी आता फारशी उरली नाहीत. जमवणारे मागाल ती किंमत देतील."

मग त्याने आकडा सांगितला. दादा, त्यात आईचं ऑपरेशन झालं असतं. वर औषधांनाही उरले असते.

गेल्या वर्षी आपली पैशांची जमवाजमव चालली होती, तेव्हा तिनेच तो डबा पुढे केला होता. बाबा म्हणाले, "ठेव गं, तुझ्या वडिलांची आठवण आहे. त्याचे असे काय येणार?" तीही हसली आणि तिने झाकण लावलं.

कालपासून बाबा विचारतायत. मी म्हटलं, दुकान बंद होतं. पुन्हा खोटं बोलायला जमणार नाही, म्हणून चहा न घेताच कामाला निघालेय. तू सांग, सराफाला फोन केला होता, चांदीच्या वजनाचाच भाव येतो, फार नाही. खाली बघून सांगू नकोस, त्यांना लगेच कळतं.

नाणी विकायची का, ते पुढे बघू. आज माझ्याने होणार नाही.

रडू आलं तर बाथरूममध्ये नळ सोडून रड. मी तेच केलं.

– छोटी