जुन्नरला सिद्धूचा पियानो

१३ जानेवारी, मंगळवार
उपकेंद्रात लसीकरण. एका पोरीनं रडून रडून माझा पदर चोखून ओला केला. घरी आले तर सिद्धूचा मेसेज. ७ फेब्रुवारीला, शनिवारी, जुन्नरला त्याचा पियानोचा कार्यक्रम. कुण्या डॉक्टरीणबाईंनी द्राक्षबागेत हॉल बांधलाय, तिथं. सगळं वाजवणार ते त्यानंच रचलेलं. खाली एक ओळ – आई, दोन खुर्च्या ठेवल्यात. एक माझी. दुसरीचं नाव त्यानं लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

१५ जाने., गुरुवार
जेवताना ह्यांना सांगितलं.
"काय गाणार हाय?"
"गाणार नाही. नुसतं वाजवणार."
"मंग गाणार कोण?"
"कुणीच नाही."
ह्यांनी कालवण संपवलं, हात धुतले, ओसरीवर जाऊन बसले.
तीस वर्षं ह्यांची भीमगीतांची पार्टी. लोणीपासून तळेघरापर्यंत जयंतीला ह्यांचा आवाज माहीत नाही असं गाव नाही. सिद्धू सातवीपासून मागं कीबोर्डवर. दोन वर्षांपूर्वी, ऐन कार्यक्रम तोंडावर आलेले असताना म्हणाला, आप्पा, मला आता शब्दांच्या मागं वाजवायचं नाय. हे म्हणाले, "आपल्या माणसांना तोंड उघडायला किती पिढ्या गेल्या, आन् तू मुकं वाजवणार? त्यात सांगणार काय तू?" तो पुण्याला गेला, तिथं पोरांना शिकवतो. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. फोन येतो तो माझ्याच फोनवर. आप्पांना सांग, सिद्धूला सांग. निरोप देऊन देऊन माझं तोंड दुखतं. दोघांचंही चुकतंय असं नाही वाटत, त्याचाच जास्त त्रास होतो.

२५ जाने., रविवार
शेजारचे बाळूभाऊ आले होते. त्यांची मेंढरं बांधावर, ते आमच्या चहाला. कार्यक्रमाचं सांगितलं.
"वयनी, पियानो म्हंजे पेटीच ना?"
"पेटीच, पण खाटेएवढी."
"मंग भाता कोण मारतं?"
भाता नसतो म्हटल्यावर विचारात पडले. पिकअप घेऊन येतो म्हणाले, जुन्नर काय लांब हाय का. हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर कालचा होता.

१ फेब्रु., रविवार
सिद्धूनं एक तुकडा पाठवला होता ऐकायला. दुपारी फोन चार्जिंगला लावून भांडी घासायला गेले. आत आले तर हे फोनजवळ उकिडवे बसून तेच लावून ऐकतायत, आणि ओठ हलतायत. त्यावर शब्द बसवत होते. मला बघून म्हणाले, "बसत न्हाईत." रागानं नाही. नवख्या गावात रस्ता न सापडलेल्या माणसासारखे म्हणाले.
या वेळी हे गेले नाहीत तर पोरगं कायमचं तुटेल. तो काही बोलणार नाही, पण खुर्ची रिकामी बघेल. मला त्याचीच भीती वाटते. म्हणून म्हटलं, चला की. "बघू." ह्यांचं बघू म्हणजे नाही.

७ फेब्रु., शनिवार, दुपार
पांढरा सदरा, निळं जाकीट, केसांना तेल. पिकअपजवळ माझ्याआधी जाऊन उभे. मी काहीच बोलले नाही. बोलले तर परत फिरतील हो हे.

८ फेब्रु., रविवार
काल लिहायचं जमलं नाही. सगळं डोक्यात धुक्यासारखं.
हॉल छान. लाकडी जमीन, एका बाजूला नुसत्या काचा, बाहेर द्राक्षाच्या रांगा आणि त्यांच्यावर पिवळं ऊन. हारतुरे नाहीत, भाषण नाही, माईकसुद्धा नाही. बाळूभाऊ म्हणाले, "सुरू कसं करणार मंग?" तेवढ्यात सिद्धू आला, काळा शर्ट, बारीक झालाय. आम्हाला बघितलं. ह्यांना बघितलं ते मी बघितलं. नमस्कार केला सगळ्यांना मिळून, आणि बसला.
पहिल्यांदा एकच सूर. परत तोच. परत तोच. मला वाटलं अडकला की काय. मग दुसरा हात आला, हळूच, पायाला पाणी लागावं तसा. आणि मी कधी तळेघरच्या वाटेला लागले कळलंच नाही. नोकरीचं पहिलं वर्ष, खांद्याला लसीचा डबा, सिद्धू पोटात, एसटी चुकलेली. भाताच्या खाचरांवर धुकं इतकं की स्वतःच्या चपलेचा आवाज तेवढा सोबतीला. पुढं एक बाई चाललेली, डोक्यावर नाचणीचा भारा. मी पाऊल उचललं की तीही उचलायची. गाठता आली नाही ती कधी. इतक्या वर्षांत तिची आठवण नव्हती. काल ती थांबली, मागं वळली, आणि मी तिच्याशी काही बोलणार…
डोळे उघडले तर बाजूची खुर्ची रिकामी.
हे चालत पुढं निघाले होते. हात खिशात. मला कळलं काय करणार ते, पण ओरडायचं कसं तिथं? आमच्याकडं गाणं भिडलं की माणूस उठतो, पुढं जातो, पेटीवर नोट ठेवतो. गाणारा माईकवर नाव पुकारतो. ही रीतच आहे. तिथं मात्र कुणी पाय हलवत नव्हतं, खोकला आला तरी गिळत होते.
ह्यांनी पेटीवर ठेवतात तशी नोट ठेवली. पण पियानोचं झाकण उघडं, आत नुसत्या तारा. नोट घसरली आत. आणि तारांना लागून फर्रर्र वाजायला लागली.
सगळा हॉल बघतोय. सिद्धूचे हात थांबले. हे तिथंच उभे, हात तसाच पुढं. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. मग सिद्धूनं तीच पट्टी परत दाबली. फर्रर्र. परत दाबली. मान वर केली नाही. त्या फरफरीभोवती डाव्या हातानं काहीतरी फिरवत राहिला, खूप वेळ, आणि काचेबाहेर ऊन उतरत गेलं. लोकांना वाटलं असंच आहे ते. मला ते सुंदर वाटलं, खरं सांगते. पण ऐकायला हे नव्हते. मागच्या दारानं बाहेर निघून गेले होते.
संपल्यावर सिद्धूभोवती गर्दी. माझ्यापर्यंत आला, "आप्पा कुठायत?" तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला कुणाला तरी भेटवायला नेलं.
पिकअपमध्ये बाळूभाऊ म्हणाले, "ते फरफर लई भारी व्हतं, राव." ह्यांनी खिडकीकडं तोंड केलं. पेठ गाव जवळ आल्यावर म्हणाले, "इचका केला मी त्याच्या कामाचा." मी हात धरला. काढून घेतला नाही.

१० फेब्रु., मंगळवार
हे काल तालमीला गेले नाहीत. घसा धरलाय म्हणे. घसा कुठला.
लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी दुसऱ्या कुणा कलाकारासाठी उठून नोट ठेवलेली मी पाहिलेली नाही. चांगलं म्हणतील, मान हलवतील. उठायचे नाहीत. शनिवारी उठले. हे त्या पोराला कोण सांगणार?

१२ फेब्रु., गुरुवार
सिद्धूचा मेसेज, पाच दिवसांनी. आई, आप्पांनी मला टोमणा मारला का? वाजवण्याचं कौतुक होतं, की 'घे तुझी बिदागी आणि ऊठ' असं होतं?
लग्नाच्या वरातीत पिऊन आलेले लोक अशाच नोटा नाचवतात ह्यांच्या तोंडापुढं, हे त्यानं लहानपणापासून बघितलंय. त्याचंही बरोबर. उत्तर मला ठाऊक आहे. टाईप केलं, पुसलं. परत केलं, परत पुसलं. मी सांगितलं तर ते माझं सांगणं होईल. शेवटी लिहिलं, त्यांनाच विचार.
मग रडले थोडी. मोरीत.

१५ फेब्रु., रविवार
ऊन कोवळं होतं, हे ओसरीवर लसूण सोलत बसलेले. सिद्धूचा फोन. मी विचारलं, जेवलास का, खोकला कसाय. तो म्हणाला, "आई, आप्पांना दे."
दोन वर्षांत पहिल्यांदा.
फोन पुढं धरला. म्हणाले, "काय म्हंतोय ते तूच इचार."
मी म्हटलं, नाही विचारणार. मांडीवर फोन ठेवला आणि घरात आले.
खिडकीतून बघतेय. हात सदऱ्याला पुसले, फोन कानाला लावला. "हं," एवढंच म्हणाले. मग काही नाही. तो बोलतोय, की वाजवतोय, की तोही गप्प आहे, इथनं काय कळणार. एकदा ह्यांनी तोंड उघडलं, सभेत गायला उभे राहताना उघडतात तसं, आणि मिटलं. कान बदलला. परत बदलला.
हे लिहितेय तरी फोन कानालाच आहे.