पायलीला बाईचा हात

१० डिसें.
गिरणीतून तांदूळ आला. घरभर इंद्रायणीचा वास. शेजारची रंजना वासावरच आली, चहा पिऊन गेली. सोमाटण्याचा व्यापारी ह्यांना फोनवर फोन करतोय, पोती कधी उचलू म्हणून. मेल्यानं गेल्या साली आमच्या तांदळात भलताच तांदूळ मिसळला आणि हायवेला 'अस्सल मावळी' म्हणून विकला. शिवाय पोत्यामागं वर मुठी घेतो, सूट म्हणे. ह्या वर्षी त्याला द्यायचा नाही. नाही म्हणजे नाही.

पुण्याच्या दुकानवाल्या ताई तांदूळ घ्यायला रविवारी दुपारी येणार. भाव आपण सांगायचा. पिशवीवर पिकवणाऱ्याचं नाव. अट एकच, राबणाऱ्या बाईनं स्वतः विकायचं.

११ डिसें.
घरात सांगितलं. हे हसले. "भाव करनं म्हंजी भाकरी थापनं न्हाई." म्हटलं, लावणीला चिखलात वाकलं कोण? झोडलं कोण, पाखडलं कोण? तुम्ही बांधावर उभं राहून फोनवर बोलत होता. ताटात बघून जेवले. कालवण परत मागायची हिंमत झाली नाही. (वाढलं मी.)

आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, वेगळंच. रासेला पहिलं माप पुरुषानं घालायचं. पायली भरायची, 'एक' नाही म्हणायचं, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. बाईनं घातलं तर रास आटते. "आमच्यात कुनी घातलं न्हाई." विषय संपला.
ठरलं असं: माप हे घालणार, भाव मी सांगणार.

१३ डिसें.
रंजनाबरोबर तालीम. ती ताई झाली, खांद्याला पर्स म्हणून बाजाराची पिशवी. "काय भाव?"
मी: "द्या तुमच्या मनाला येईल ते."
रंजनानं कपाळ बडवलं. परत केलं. ह्या वेळी भाव सांगितला, पण तिनं तोंड उघडायच्या आत मीच कमी केला! हसून हसून पोट दुखलं.
नंतर मात्र राग आला स्वतःचा. एवढी राबते, आणि भाव सांगताना मान खाली. चोरीचा आहे का तांदूळ?

१४ डिसें., रवि.
गावातले सगळे पुरुष सकाळीच बैलगाडा शर्यतीला. हे "दुपारच्या आत आलोच" म्हणून गेले. आणि ताई टेम्पो घेऊन सकाळीच दारात! ह्यांना फोन लागेना. पडवीत रास, शेजारी पितळी पायली. म्हटलं होईल ते होवो, हात पुढं केला. आत्यांनी पायली ओढून घेतली. झालं, संपलं सगळं...

आत्यांनी पदर खोचला. पायलीला कुंकू लावलं, रासेत घातली, शिगोशीग भरली आणि एवढ्या मोठ्यांदा "लाभ!" म्हणाल्या की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. मग माझ्याकडं बघून, "जलमभर ऐकतीय. म्हननार कवा? धर. दोन तू म्हन."
म्हटलं. 

मग भाव. "द्या तुमच्या..." ओठावर आलं होतं. आत्यांनी चिमटा काढला. सांगितला भाव! ताई म्हणाल्या, "ठीक." एवढंच! घासाघीस नाहीच. तालीम वाया. सवयीनं वर मूठ टाकायला गेले तर ताईंनी हात धरला, "हिचे पैसे कोण देणार?"

संध्याकाळी हे आले. पडवी मोकळी.
"माप कुनी घातलं?"
आत्या: "आमी. हातपाय धू, जेवाय बस."
लय आनंद झालाय आज. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

१६ डिसें.
व्यापाऱ्याचा फोन, घरात उरलेली पोती द्या म्हणून. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिला इचारा. भाव ती सांगती." फोन माझ्या हातात! पुढं व्यापारी काय बोलला, अर्धं ऐकलंच नाही मी.

ताईंचा मेसेज: पिशवीवर नाव काय छापू? माझं पाठवत होते, तर चुलीपासून आत्या, "माजं बी घाल की. लाभ कुनी म्हनलं?"
"घालते. पार्वताबाई ना?"
आत्यांनी चुलीत लाकूड सारलं. मग हळूच, "त्ये हितं आल्यावर ठिवल्यालं. म्हायेरचं येगळं हाय."
काय, काय म्हणून मागं लागले. सांगेनात. लाजल्या चक्क, ह्या वयात!
"कुनी हाक मारून लय वर्सं झाली गं. कुटलं घालायचं, इचार करू दे."

ताईंना कळवलं, छपाई थांबवा. एक नाव यायचंय.