माझ्या कागदावर ‘पुढे चालू’ लिहायचं नाही

वकिलाचा कारकून म्हणतो, मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, त्यात गोळ्या-औषधांचं लिहून उपयोग नाही. मग मी मेल्यावर गोळ्या थांबवायला येणार काय? घराचं लिहा म्हणतो, दागिन्यांचं लिहा म्हणतो. दागिने कुठले? जे लिहायचंय तेवढं सोडून सगळं लिहा! म्हणून हा कागद मी जिवंत असतानाच वाचायचा. एक प्रत मुलाला, एक वृद्धाश्रमाच्या डॉक्टरांना.

मी चिमा, मयत सखाराम गोताड यांची बायको, वय ५६, शिक्षण चौथी, राहणार पावस, तालुका-जिल्हा रत्नागिरी. कॅन्सर पोटात आहे, डोक्यात नाही. कुणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक आहे तो वेगळा, तो खाली लिहिला आहे.

१) चिऱ्याचं दोन खोल्यांचं घर आणि मागचं हापूसचं कलम मुलगा नितेश याला. कलम तोडायचं नाही.

२) पोस्टातले पैसे आधी माझ्या दुखण्याच्या औषधाला. उरले तर बाराव्याला. पंगत नको.

३) कोयती शेजारच्या ज्ञानेश्वरीला, म्हणून तिला साक्षीदार केलं नाही. सून ऋतिका हिला विळी. माझी आमटी तिखट म्हणायचीस, आता कर तुझी गोड. जाऊ कमळा हिला काही नाही. तांब्याचा हंडा वीस वर्षं तिच्याकडेच आहे, तोच तिचा वाटा.

४) दगडी खल कुणालाच नाही. आश्रमात चौदा वर्षं मी म्हाताऱ्या माणसांचं केलं. तिथला खल फुटला म्हणून हा घरचा नेला, चहाचं आलं कुटायचा. आनंदीबाईंना गिळवेना, तेव्हा त्यांच्या अकरा गोळ्या मी यात कुटून पेजेत कालवायची. डॉक्टर दर गुरुवारी यायचे, खाटेपाशी न थांबता कागदावर ‘पुढे चालू’ लिहून जायचे. आनंदीबाई म्हणाल्या, “चिमा, पोटात आग पडलीय. ह्यातली दुखण्याची कुठली गो?” एकही नव्हती. चरबीची होती, हाडांची होती, विसरू नये म्हणून एक होती. मी डॉक्टरांना विचारलं, “चरबीची गोळी आता कशाला?” हसून म्हणाले, “मावशी, किती शिकलीस?” “चौथी.” “मग मी लिहितो, तू दे.”

मी दिल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी दात आवळले, तर दोन बोटांनी गाल दाबून मी तोंड उघडलं. “गिळा, बाई, गिळा.” त्या गेल्या तेव्हा पेज तोंडातच होती. मी कागदावर अकरा खुणा केल्या. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता त्याच आश्रमात मला खाट मिळते आहे. माझ्या कागदावर आत्ताच नऊ गोळ्या आहेत. माझ्या जागी जी बाई आली, तिला काम मीच शिकवलं. गाल कसा दाबायचा तेही. घास तोंडाशी नेला की ते आठवतं आणि हात तिथेच थांबतो. मी घाबरले आहे, हे इथे स्पष्ट लिहिते.

खल राखेने तीनदा घासला, तरी त्यात आलं कुटवत नाही. दुकानदार निलेशने तो पूर्णगडच्या खाडीत टाकावा.

५) माझं गिळणं थांबलं की बाकी सगळ्या गोळ्या बंद. दुखण्याचं औषध मात्र बंद करायचं नाही, तोंडाने जात नसेल तर दुसऱ्या वाटेने द्यायचं. तशी औषधं असतात, रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. कुणीतरी ती लिहायला लागतात, एवढंच. नितेश फोनवर म्हणाला, “आये, गोळ्या थांबवल्या तर लोक म्हणतील, आयशीला मारलान.” मी म्हटलं, “लोक येणारत माझं तोंड धरायला?” फोन ठेवलान. परत केलान नाही.

सही: चिमा सखाराम गोताड (वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार, ज्यांना यातलं काही मिळत नाही आणि ज्यांच्या देखत मी सही केली:
निलेश कळंबटे, दुकानदार
गुरुप्रसाद घवाळी, शाळामास्तर

पावस, सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

शनिवारी, १५ तारखेला, मला त्या खाटेवर नेणार आहेत. त्याआधी, गुरुवार १३ नोव्हेंबरपर्यंत, नितेशने आणि डॉक्टरांनी सही करून कळवावं: कुठल्या गोळ्या थांबवणार आणि दुखण्याला काय देणार. ‘बघू’ हे उत्तर मी धरणार नाही.