बारा बोल्टांचा अ‍ॅक्सल

३ एप्रिल २०२२, रविवार
आजपासून नोंद ठेवणार. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे, पण कामाला शिस्त हवी.
काम: मागची चाकं फिरवणारा, पोटात गिअर असलेला अ‍ॅक्सल. आईची १९६९ ची शेव्हेल गाडी ऑक्टोबरपासून माझ्या गॅरेजमध्ये स्टँडवर चढवलेली आहे. इंडियानातल्या अँडरसन गावच्या परेडमध्ये, ऐन मेन स्ट्रीटवर, मागून धाडकन आवाज आला आणि गिअरचे दात गेले. हाउसिंगलाही, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचालाही तडा. बँडवाल्यांनी गाडी ढकलत बाजूला नेली. दोष धातूचा. तो अ‍ॅक्सल मी स्वतः उघडून बसवला होता, पुस्तकं वाचून, कुणालाही न विचारता. तेल भरलं होतं याची मला नव्वद टक्के खात्री आहे.
आईचा उजवा डोळा गेलाय. डाव्यात दर महिन्याला इंजेक्शन. २७ ऑगस्टला ती पंचाहत्तरची होईल आणि त्याच दिवशी तिचं लायसन्स संपेल. नव्यासाठी डोळे तपासतात, त्यात आपण पास होणार नाही हे तिनेच सांगून टाकलं. तोवर एकदा तिला स्वतः गाडी चालवत तळ्यापर्यंत जायचंय. अकरा मैल. दुसरं काही मागितलं नाही.
मी म्हणालो, मेमोरियल डेला किल्ली तुझ्या हातात. म्हणजे मे अखेर. भरपूर वेळ आहे.
अट एवढीच की मागच्या झाकणाला बारा बोल्ट हवेत, मूळ गाडीला होते तसे. आणि गाडी २० मार्च १९६९ ला कारखान्यातून निघाली, तेव्हा अ‍ॅक्सल त्याआधी ओतलेला हवा. तारीख लोखंडातच उमटलेली असते. बजेट सहाशे डॉलर.

९ एप्रिल
भंगारवाला ऑटिस प्रूएट याच्याकडे गेलो. त्याच्याकडे त्याच वर्षाच्या साध्या मॉडेलचा दहा बोल्टांचा अ‍ॅक्सल आहे, साडेतीनशेला. म्हणाला, सकाळी घेऊन जा, संध्याकाळी तुझी आई गाडी चालवेल. मी त्याला दहा आणि बारातला फरक समजावून सांगितला. पंचवीस मिनिटं. तो सँडविच खात ऐकत होता. मग म्हणाला, वेंडेल, तुझ्या आईला गाडी चालवायचीये की खाली झोपून बोल्ट मोजायचेत?
अशा माणसांमुळेच या देशातल्या जुन्या गाड्यांची वाट लागली. नकार दिला.

२४ एप्रिल
जत्रेच्या मैदानावर जुन्या पार्टांचा बाजार. चिखल. एका म्हाताऱ्याकडे बारा बोल्टवाला, पाचशे. मी टेप काढली, दोन्ही टोकांचं अंतर मोजलं, झाकणाचा आकार पाहिला. पिकअप ट्रकचा! तो शपथेवर कारचा म्हणत होता. चारचौघांत त्याला खोटं पाडलं. फार समाधान वाटलं. या वादात दोन तास गेले. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतला कारचा बारा बोल्टवाला दुसऱ्याच कुणीतरी उचलला. तो बहुधा चुकीचाच असणार.
आईसाठी शुगर क्रीम पाय हा तिचा आवडता गोड पदार्थ आणला. तिने काटा आधी ताटलीबाहेर टेकवला, मग त्या तुकड्यावर. मी लक्ष दिलं नाही.

१५ मे
सापडला! इलिनॉयमध्ये. कारचा, बारा बोल्ट, गिअर शाबूत, सातशे. शंभर जास्त, पण मी उदार व्हायला तयार होतो. मालकाला ओतीव अक्षरांचा फोटो पाठवायला सांगितला. D 2 9. D म्हणजे चौथा महिना, म्हणजे दोन एप्रिल एकोणसत्तर.
दोन एप्रिल! गाडी वीस मार्चची. तेरा दिवस. जो अ‍ॅक्सल अजून जन्मलाच नव्हता तो गाडीखाली कसा असेल?
नकार कळवला.
आईला सांगितलं तर तिने विचारलं, हे बघणार कोण? मी म्हणालो, ज्याला कळतं तो. ती म्हणाली, असा माणूस एकच आहे, आणि त्याला मी नऊ महिने पोटात वागवलंय.

३० मे, मेमोरियल डे
अ‍ॅक्सल नाही. तारीख मी अंदाजे दिली होती, ती आईनेच पक्की धरली.
आई माझ्याकडे जेवायला आली होती. दुपारी गॅरेजमधून हॉर्न ऐकू आला. आई स्टँडवरच्या गाडीत जाऊन बसली होती. एवढ्या उंचावर कशी चढली कळेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर. म्हणाली, मला वाटलं सराव करावा. मी तिला उतरवलं. गाडी अशी हलवणं स्टँडसाठी धोक्याचं आहे हे नीट समजावून सांगितलं.

१८ जून
आई म्हणते, आता डाव्या डोळ्याला टेलिफोनचे खांब वाकडे दिसतात. डॉक्टरांनी इंजेक्शन दुप्पट केलं. मी तिला सांगितलं की तिच्या रस्त्यावरचे दोन खांब खरंच वाकडे आहेत; घरोघरचे वीजमीटर वाचायच्या नोकरीत मी रोज तिथून जातो. तिला बरं वाटलं असावं.
मग तिने एक विचित्र गोष्ट सांगितली. १९७४ मध्ये, मी तीन वर्षांचा असताना, तिने गाडी पुलाच्या कठड्यावर घातली होती. मागचं सगळं वाकलं. दिव्यांच्या कारखान्यात तिच्या शेजारी काम करणाऱ्या एकाच्या भावाने कुठूनतरी दुसरा अ‍ॅक्सल आणून घातला. म्हणजे माझा मूळ अ‍ॅक्सल मूळ नाहीच.
वय झालं की माणसाचा गोंधळ होतो.

१९ जून
खात्रीसाठी तुटका अ‍ॅक्सल ब्रशने घासला. ओतीव तारखेतला शेवटचा आकडा १ दिसतो. म्हणजे १९७१. गंजामुळे ९ चा १ दिसू शकतो. घासणं थांबवलं.

१९ जुलै
जिंकलो! केंटकीत, एका तंबाखूच्या कोठारात. १७ जानेवारी १९६९, बारा बोल्ट, कारचा. साडेअकराशे. सहाशे हा आकडा मूळ बजेटचा होता. मधल्या काळात महागाई वाढली आहे. टेबल सॉ आणि शिकारीची बंदूक विकली.
आईला फोन केला. ती म्हणाली, छान. मग म्हणाली, वेंडेल, लवकर बसव हं. तिने असं कधी म्हटलेलं नाही. मी म्हणालो, दहा दिवस.

२ ऑगस्ट
अ‍ॅक्सल जागेवर बसला. तेल भरलं, दोनदा तपासलं. खरं तर गाडी आज बाहेर काढता आली असती. पण कारखान्यात तपासनीस अशा अ‍ॅक्सलवर पिवळ्या रंगाचा एक फटकारा मारत असे. तो नसेल तर काम अर्धवट. पिवळा नेमका कोणता याबद्दल दोन पुस्तकांत मतभेद आहेत. रंग पोस्टाने मागवला.
ऑटिस येऊन बघून गेला. म्हणाला, अरे, रंगाचं राहू दे, आज तारीख काय एवढं तरी आईला विचार, दिवस किती उरलेत हे तिला तुझ्यापेक्षा बरं कळतं. मी हसलो नाही.

९ ऑगस्ट
रंग आला. जरा जास्तच लिंबासारखा. परत पाठवला.

१३ ऑगस्ट
दुसरा रंग आला. उत्तम. चार वेळा कागदावर सराव करून मग फटकारा मारला. डाव्या हाताने, कारण तपासनीस घाईत असणार. इतकं बिनचूक काम संपूर्ण इंडियानात नसेल.
आईचा फोन सकाळपासून लागत नाही. उद्या गाडी घेऊनच जातो, चकित होईल.

१४ ऑगस्ट
आई हॉस्पिटलमध्ये होती. काल पहाटे डाव्या डोळ्यात रक्तस्राव. शेजारीण घेऊन गेली. मला कळवू नका असं आईनेच तिला सांगितलं होतं. म्हणाली, तो गाडीखाली असेल, उगाच डोकं आपटून घेईल.

२७ ऑगस्ट, शनिवार
आईचा वाढदिवस. सकाळी दहाला गाडी तिच्या दारात उभी केली. तिने दारापासून पावलं मोजली, बोनेटवर हात ठेवला आणि बोनेटला धरून धरून ड्रायव्हरशेजारच्या सीटकडे गेली. मी किल्ली पुढे केली होती. तिला ती दिसली नाही. खिशात टाकली, मग आठवलं की गाडी सुरू करायला तीच लागते.
तळ्याच्या रस्त्याला लागलो. अ‍ॅक्सलचा आवाज अजिबात नाही. सांगणार होतो, सांगितलं नाही. आई खिडकीबाहेर तोंड करून बसली होती. जरा वेळाने म्हणाली, आता उजवीकडे हॅनाबरींचं लाल कोठार येईल, मी इथे नेहमी तिसरा गिअर टाकायची.
ते कोठार पाडून नऊ वर्षं झाली. तिथे आता डिश अँटेनांचं गोदाम आहे.
मी म्हणालो, आलं बघ.
तिने विचारलं, रंग उडालाय का रे?
मी म्हणालो, नाही गं. यंदाच दिलाय.